अभिमनभाऊंचे नऊ

“मॅडम, चारच येताहेत,” निलोफर म्हणाली.

“पुन्हा घे.”

“तीनदा घेतलं, मॅडम.”

“मग चौथ्यांदा घे. अभिमनभाऊंचे चार येतील का कधी? तूच अंक घाईत वाचत असशील. सेकंदाला एक अंक, एका सुरात. जुलैपासून घसा फोडतेय मी.”

टेबलापलीकडे अभिमनभाऊ बसले होते. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस म्हणून पांढरा, इस्त्रीचा शर्ट आणि दोन्ही हात गुडघ्यांवर. “घे बेटा, घे,” ते निलोफरला म्हणाले, “मॅडम म्हणताहेत ना.” तिने कागदावरून पाच अंक वाचले. अभिमनभाऊंनी तीन सांगितले, मग ओठ हलवत खिडकीकडे पाहिलं आणि हसले. मी ते पाहिलं. पण जळगावहून आलेले परीक्षक शेजारच्या खोलीत चहा संपवत होते, अजून दोन जर्नलांवर माझ्या सह्या व्हायच्या होत्या आणि माझा सगळा जीव त्या सह्यांत अडकला होता. निलोफरच्या जर्नलवर मी लाल पेनने ‘पुन्हा घ्या’ असं लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिने पुन्हा घेतलं नाही, चारच ठेवले. मी तिचे दोन गुण कापले.

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते, तिथे अभिमनभाऊ एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होते. कुणी शिपाई म्हटलं की ते शांतपणे दुरुस्ती करत, “परिचर. नेमणुकीच्या आदेशात तसंच लिहिलंय.” कपाटांच्या किल्ल्या, स्टॉपवॉच, आरशात बघून चांदणी गिरवायची ती लाकडी पेटी, सगळं त्यांच्या हाताखालचं. मी नवीन लागले तेव्हा स्टॉपवॉचला चावी किती द्यायची हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तेही मुलांसमोर माझा मान राखून, म्हणजे मुलं गेल्यावर.

माझ्याकडे संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा पेपर. मानसशास्त्र म्हणजे माणसाचं मन ओळखायची विद्या, अशा समजुतीने मुलं प्रवेश घेतात आणि पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या गळ्यात मध्यमान आणि प्रमाण विचलन घालते. त्यामुळे माझ्या वर्गात दरवर्षी आठ-नऊच डोकी उरतात, आणि बहुतेकदा नऊ. प्रात्यक्षिकाला जोड्या लागतात. एक प्रयोग घेणार, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. नवात एक उरतोच. त्या उरलेल्याच्या समोर अभिमनभाऊ बसायचे. प्रयुक्त क्रमांक दहा.

हे नियमाला धरून नव्हतं. एकच माणूस वर्षानुवर्षं त्याच प्रयोगाला बसवला, तर त्याला सराव होतो आणि निष्कर्ष बिघडतो. जुलैमध्ये मीच हे फळ्यावर लिहायची आणि फेब्रुवारीत मीच त्यांना हाक मारायची, “अभिमनभाऊ, एक कमी आहे, बसता का?” ते हात पुसत यायचे.

स्मृतिविस्ताराचा प्रयोग अगदी साधा आहे. आपण अंक वाचायचे, समोरच्याने ऐकून तसेच म्हणायचे. आधी तीन, मग चार, असं वाढवत न्यायचं. जिथे माणूस थांबतो तो त्याचा विस्तार. साधारण माणूस सातापाशी थांबतो. अभिमनभाऊ नवापाशी थांबत. त्यांचे नऊ कॉलेजात प्रसिद्ध होते. एका वर्षी नऊ मुलांची बेरीज एकसष्ट आली, त्यात यांचे नऊ घातले तर सत्तर झाले, दहाने भागून बरोबर सात. पुस्तकात होतं तसं. मी फळ्यावर ते करून दाखवलं तेव्हा अभिमनभाऊ दारात उभे होते. “म्हणजे माझ्यामुळे जमलं का, ताई?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. नंतर कळलं, की त्यांच्या गावाला, मुकटीला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये त्यांनी ते निम्म्या प्रवाशांना सांगितलं होतं.

मेअखेर ते निवृत्त होणार होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते नेहमीच्या बसने निघाले आणि मुकटीला उतरलेच नाहीत. गाडी पारोळ्याला गेली. तिथल्या स्टँडवर ते डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने विचारलं, “भाऊ, कुठे जायचं?” ते म्हणाले, “घरी.” घर कुठे, म्हणून विचारलं तर गप्प. शेवटी कंडक्टरने त्यांच्या खिशातला पास काढला आणि त्यांच्या गावाचं नाव त्यांना वाचून दाखवलं.

दहा-बारा दिवसांनी त्यांची बायको, भागाबाई, रजेचे कागद घेऊन कॉलेजात आली. हिला मी तीस वर्षांत चारदा पाहिलं असेल. कार्यालयात काम झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी खुर्ची दिली तरी टोकावर बसली.

“डॉक्टर म्हनस, डोकानं दुखनं शे,” ती सांगू लागली. “इसराळूपना वाढतच जाई. औषध दिधं. पन त्याले पाहिजे, कव्हयपासून शे. तीनदा इचारं त्यानी. मी काय सांगू, मॅडम? माले तर आते समजनं.”

“घरात आधी कधी काही जाणवलं नाही का?” मी विचारलं. प्रश्न विचारायची सवय लागलेली, दुसरं काय.

तिचा चेहरा पडला. “तुम्हीबी तेच इचारतस. किरणबी तेच म्हनस. तू रातदिन त्यासनासंगे ऱ्हास, तुले कसं दिसनं नही? लवकर नेतात तर दोन-चार वरीस चांगला जातात, असं डॉक्टर बोलना, आनि पोरनी आयकं. तव्हयपासून ती मनासंगे बोलस नही. फोन करस तर निस्ता आबासनी खबर इचारीसन ठेवी देस.” मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “भाजीमा दोनदा मीठ टाकेत, मी हासू. माले वाटे, दमी जातस. मनंच पाप शे हाई.”

किरण ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन पाचोऱ्याला दिलेली, तिथल्या एका शाळेच्या कार्यालयात कामाला. तीही माझीच विद्यार्थिनी.

भागाबाईला मी रिक्षापर्यंत सोडून आले. परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा कुठे मला निलोफरचे चार आठवले.

आमच्याकडे तपासणीला समित्या येतात, म्हणून जुनी जर्नलं आम्ही मुलांना परत देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडून सात-आठ वर्षांची जर्नलं टेबलावर काढली. दरवर्षीचं प्रयुक्त क्रमांक दहाचं पान शोधायचं, एवढंच काम. जुन्या जर्नलांत नऊ होते, स्वच्छ, एका हाताने लिहिलेले. पाच वर्षांपूर्वीच्या जर्नलातही नऊच होते, पण तिथला कागद जरा खरबरीत लागला.

निरीक्षणं पेन्सिलने लिहायची हा माझाच नियम. पेन्सिल खोडता येते, पण तिचा दाब राहतो. मी पान खिडकीच्या उन्हात तिरकं धरलं. नवाच्या खाली सात दिसला. पानाच्या कडेला माझ्या लाल पेनने लिहिलेलं ‘पुन्हा घ्या’. पुढचं वर्ष कोरोनाचं, त्या वर्षी जर्नलंच नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी वर नऊ, खाली सात. मग वर नऊ, खाली सहा. मग वर आठ, खाली पाच. त्या मुलाने निदान आठच लिहिले, त्याला थोडी लाज वाटली असावी. सगळीकडे माझा लाल शेरा. शेवटचं निलोफरचं, चार, न खोडलेलं.

पुस्तकात साताला कुणी आजार म्हणत नाही. सात म्हणजे चांगला, धडधाकट माणूस. पण तो सगळ्या जगाचा सात. नवाचा सात झालेल्या माणसाचं काहीतरी हरवलेलं असतं. माणसाची तुलना गटाशी करतात तशी त्याच्या स्वतःशीही करायची असते, यावर मी दरवर्षी पाच गुणांची टीप लिहून देते. मुलं ती पाठ करतात. मला स्वतःला ती कधी लागू करावीशी वाटली नाही. मला माझे ठरलेले नऊ हवे होते, कारण नऊ आले की दहाचं गणित नीट बसायचं. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि रडून झाल्यावर लक्षात आलं की ते पाच वर्षांपूर्वीचं जर्नल कुणाचं ते मी पाहिलंच नव्हतं.

मुखपृष्ठावर नाव होतं किरण अभिमन पाटील. त्या वर्षी उरलेली नववी मुलगी तीच होती. बापालाच प्रयुक्त म्हणून बसवू नये, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मी ते जर्नल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. बाकीची चार पिशवीत घातली. खरं सांगायचं तर एक दिवस मी काहीच केलं नाही. कुणी विचारणार नव्हतं. भागाबाईला वाचता येत नव्हतं, किरण आईला दोष देऊन मोकळी झाली होती आणि जर्नलं कधीतरी रद्दीत गेली असती. पण ‘मनंच पाप शे हाई’ हे तिचं वाक्य माझ्या कानातून जाईना. ते पाप तिचं नव्हतं. रविवारी मी मुकटीला गेले.

अभिमनभाऊ ओट्यावर खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मला बघून उभे राहिले. “या ताई, या.” मग आत वळून, “अगं, मॅडम आल्यात, चहा ठेव.” सगळं जागच्या जागी. मला वाटलं, डॉक्टर चुकला असेल. चहा यायच्या आत त्यांनी पुन्हा वर पाहिलं आणि तितक्याच आनंदाने म्हणाले, “या ताई, या. कधी आलात?”

आतल्या खोलीत मी भागाबाईला सगळं सांगितलं. पानं तिरकी धरून खालचे आकडे दाखवले. तिला अंक ओळखता येत होते. सात, सहा, पाच, चार असं ती बोट ठेवत गेली.

“म्हंजे तुमले मालूम व्हतं?” तिने विचारलं.

“माहीत नव्हतं. पण माझ्या कपाटात होतं. दरवर्षी मुलांना दिसायचं आणि मी ते खोडायला लावायचे. पाच वर्षांपासून आहे हे, भागाबाई. तुमच्या घरात दिसायच्या आधी माझ्याकडे दिसलं होतं. किरण जे तुम्हाला बोलते ते तिने मला बोलायला हवं.”

मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“च्या थंडा व्हई ऱ्हायना, मॅडम,” ती म्हणाली. मी कप उचलला. तिने मान दुसरीकडे वळवली. मग डोळे न पुसताच म्हणाली, “पाच वरीस. डॉक्टरले आते सांगता येई. पन हाई मन्ही पोरले तुम्हीच सांगा. मनं ती आयकस नही.”

निघताना अभिमनभाऊ फाट्यापर्यंत सोडायला येतो म्हणाले. भागाबाईने त्यांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं आणि शेंगा ठेवलेलं सूप पुढे सरकवलं.

सोमवारी वर्गात मी निलोफरची माफी मागितली. तिचे गुण विद्यापीठात गेले होते, ते आता फिरणार नव्हते, तेही सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, मला तर वाटलं माझाच आवाज बारीक आहे, म्हणून त्यांना ऐकू जात नाही. मी घरी अम्मीसमोर बसून अंक वाचायची प्रॅक्टिस केली.”

मी फोन करून बोलावलं म्हणून किरण शनिवारी आली. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्यापुढे चार जर्नलं ठेवली आणि भागाबाईला जे सांगितलं तेच सांगितलं. तिने एकेक पान पाहिलं. रडली नाही. पानं उलटताना मात्र ती कुणाच्या तरी जर्नलची वाट पाहत असावी तशी थांबत होती.

“माझं कुठंय?” तिने विचारलं.

“सापडलं नाही. जुनी काही वाळवीने गेली.” मी सरळ खोटं बोलले. वाटलं, एवढं तरी मी तिच्यासाठी करावं. तिच्या वाट्याचं मी माझ्याकडे ठेवून घ्यावं.

“मॅडम, मला आठवतंय सगळं,” किरण म्हणाली. “आबा सात अंक बोलले आणि थांबले. मला म्हणाले, पुढचं येत नाही गं. पहिल्यांदाच तसं म्हणाले. मी म्हटलं, असू द्या, पुस्तकात सातच दिलेत. पण तुम्ही पुन्हा घ्या असं लिहून गेलात. परत घेतलं, परत सात. तर तेच म्हणाले, नऊ लिही. ताईंना माझे नऊच माहीत आहेत, तुझे गुण जातील. मी खोडरबर शोधत होते, तर त्यांनीच खिशातून काढून दिलं. आणि म्हणाले, आईला सांगू नको, ती काळजी करत बसेल.”

मी ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि तिचं जर्नल तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उघडलं नाही. नुसता हात ठेवला.

“त्यांना कळलं होतं, मॅडम. आणि मलाही. पारोळ्याचा फोन आला ना, त्या क्षणी मला हेच आठवलं. मग आई म्हणाली, मला काहीच समजलं नाही, आणि मी तिच्यावर तुटून पडले. तीन आठवडे तिच्याशी बोलले नाही. ती बिचारी ऐकून घेत राहिली.” ती थांबली. “मला कुणीतरी दुसरं हवं होतं, मॅडम.”

“शेरा माझा होता, किरण.”

“हो,” ती म्हणाली. “तुमचा होता.”

तिने मला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि तिने करावं असंही मी सुचवलं नाही. मग तिने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. इतका वेळ माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होती, ती घरच्या बोलीत बोलायला लागली.

“आई, मी बोलस... नही, भांडाले नही. आई, तू रडू नको ना... हां, मॅडमनी सांगं. मालेबी काही सांगनं शे तुले, पन घर यीसन सांगसू. आज येस मी, ऱ्हावाले... तू जेवनी का?” उत्तर ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. “आबा जागा शेत का? त्यासनाकडे दे.”

फोन हातातून हातात जाईपर्यंत वेळ लागला. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही.

“आबा, मी बोलस. किरण.” ती ऐकत राहिली. “किरण.” पुन्हा ऐकलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तिचा दुसरा हात टेबलावर घट्ट आवळला गेला. आवाज मात्र तसाच राहिला. “तुमनीच, आबा.”

आता मी उठले आणि आवाज न करता दार ओढून जिन्यात आले. दार जुनं आहे, नीट लागत नाही. दोन पायऱ्या उतरले तरी ऐकू येत होतं. ती न चिडता, न घाई करता, पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात परत तेच सांगत होती, “किरण, आबा. तुमनी पोर, किरण.”